‘सजीव की निर्जीव?’: मुलांच्या उत्तरामागचे कारणही विचारा

संपादक महोदय,

लहान मुले झाडाला निर्जीव आणि ढगाला सजीव म्हणतात तेव्हा ‘ते वयच तसे, पुढे आपोआप कळेल’ असे आपण म्हणून जातो. या ‘आपोआप’ला माझी हरकत आहे.

माझ्या सहा वर्षांच्या नातवाने शाळेच्या कागदावर ‘बी’समोर निर्जीव अशी खूण केली होती, कारण बी हलत नाही आणि खात नाही. त्याच सुमारास पेल्यात ओल्या कापसावर ठेवलेल्या बीला मोड आला, कोंब खिडकीकडे झुकला. याने पेल्याची दुसरी बाजू खिडकीकडे फिरवून ठेवली, तर दोन दिवसांत कोंब पुन्हा वळलेला. “मी फिरवलं तरी हे परत तिकडेच बघतंय!” ही तक्रार करतानाच ‘हलत नाही’ हे त्याचे कारण निकालात निघाले.

मुले सर्व प्राण्यांचा विचार माणसाला केंद्रस्थानी ठेवून करतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन केरी यांनी १९८५ मध्ये मांडले. मात्र तो निष्कर्ष अमेरिकेतील शहरी मुलांवरून निघाला होता. पुढे अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यातील मेनॉमिनी आदिवासी मुलांना ‘एका प्राण्यातला गुण दुसऱ्यातही असेल का?’ असेच प्रश्न विचारले गेले, तेव्हा माणूसच मापदंड असल्याचे दिसले नाही. मधमाशीचा गुण अस्वलातही असेल, कारण अस्वल मध खाते, अशी प्राण्यांच्या परस्परसंबंधांची कारणे पुढे आली. जपानमध्ये मानसशास्त्रज्ञ कायोको इनागाकी यांना आढळले की घरी गोल्डफिश पाळणारी पाच-सहा वर्षांची मुले, कधी न पाळलेल्या बेडकाविषयीही, आपल्या माशाच्या अनुभवावरून सयुक्तिक अंदाज बांधतात. म्हणजे शहरी मुलाचे माणूसकेंद्री उत्तर हा सार्वत्रिक टप्पा नसून, त्याच्या ओळखीचा एकमेव सजीव माणूसच असल्याचा तो परिणाम असू शकतो.

भाषेचाही यात वाटा असतो. हिब्रू भाषक मुले वनस्पतींना जिवंत मानायला अधिक कचरतात, असे अभ्यासांत दिसले आहे आणि तिथे ‘प्राणी’ व ‘जिवंत’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. आपल्या ‘प्राणी’ शब्दातही ‘प्राण’ आहेच; मग मुलाने झाडाला सजीवांतून वगळले, तर त्याला दोष कसा द्यावा?

शिक्षकांना विनंती एवढीच की खुणेच्या चौकटीशेजारी ‘असे का वाटते?’ यासाठी एक मोकळी ओळ ठेवावी. नातवाला आपले उत्तर बदलायचे होते, पण कागद तोवर तपासून परत आला होता.

आपला,
एक वाचक