छेदात कोण उरलंय ते बघ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. वयोगटांची टक्केवारी समोर आली की तू लगेच संभाव्यतेचं सूत्र शोधायला धावतोस. अरे, सूत्राचं नंतर बघू. ही टक्केवारी कोणांपैकी काढली आहे, ते आधी विचारत जा.

तुझ्याच उदाहरणातला तक्ता घेऊ. ० ते १४ वर्षे २६ टक्के, १५ ते २९ वर्षे २८, ३० ते ४४ वर्षे २२, ४५ ते ५९ वर्षे १४ आणि ६० व त्यापुढे १०. बेरीज १०० भरते ना, ते पाहून घे. (कधी ९९ किंवा १०१ भरते, ती पूर्णांकात आणल्याची कृपा. ११० आली तर मात्र कोणीतरी दोन गटांत मोजलं गेलंय, आणि मग सगळं मुसळ केरात.)

कोणीही एक व्यक्ती निवडली तर ती १५ ते २९ मधली असण्याची संभाव्यता ०.२८. यात गणित असं नाहीच. ६० पेक्षा लहान? चार गट मिळवत बसू नकोस, १ मधून ०.१० वजा कर, ०.९० आलं. ३० ते ५९ साठी ०.२२ अधिक ०.१४, म्हणजे ०.३६. एकच माणूस दोन वयोगटांत नसतो, म्हणून नुसती बेरीज चालते.

तुझं घोडं अडलंय ते पुढच्या प्रश्नावर. व्यक्ती १५ किंवा त्याहून मोठी आहे हे आधीच माहीत असेल, तर ती ६० किंवा त्यापुढची असण्याची संभाव्यता किती? तू ०.१० लिहिलंस. पण मुलं बाद झाली की शंभरातले ७४ उरले. छेदात १०० कसे राहतील? १० भागिले ७४, साधारण ०.१३५. अंश तोच, छेद तेवढा आटला. आता हाच प्रश्न उलटा कर: व्यक्ती साठीच्या पुढची आहे, तर ती १५ च्या वरची असण्याची संभाव्यता? सरळ १! परीक्षक नेमके इथेच टपून बसतात.

दोन व्यक्ती निवडल्या आणि किमान एक साठीपुढची हवी असेल, तर ०.१० दोनदा मिळवून ०.२० लिहू नकोस. दोघंही साठीपुढचे असतील ती शक्यता त्यात दोनदा येते. दोघंही साठीहून लहान असण्याची ०.९० गुणिले ०.९०, म्हणजे ०.८१, ती १ मधून काढली की ०.१९. लोकसंख्या मोठी असेल तर हे ठीक. एकूण माणसंच १०० असतील तर दुसरी निवड ९९ मधून होते, उत्तर ०.१९१ च्या आसपास जातं.

बरोब्बर २० वर्षांची व्यक्ती मिळण्याची संभाव्यता मात्र हा तक्ता सांगत नाही. २८ ला १५ नं भागून १.८७ टक्के म्हणता येईल, पण त्यासाठी गटातलं प्रत्येक वय सारख्याच संख्येनं आहे असं धरावं लागतं. शेवटच्या गटाला तर वरची हद्दच नाही, तिथे भागणार कशानं?

आता एक तू कर. व्यक्ती ३० ते ५९ मधली आहे, तर ती ४५ किंवा त्याहून मोठी असण्याची संभाव्यता किती? उत्तर छेदासकट कळव.

तुझा,
विनू