सी८ वरचा उंट

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला तो तू पुन्हा पट मांडलास याचा. माळ्यावरची लाकडी मोहरी पुसलीस, एक काळा घोडा सापडला नाही म्हणून त्या जागी बाटलीचं बूच ठेवून खेळतोयस, हे वाचलं आणि सांगलीचे दिवस आठवले. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेहून परतताना एसटी स्टँडवर बॅगेवर पट ठेवून आपण हरलेले डाव पुन्हा खेळायचो. एकदा तर त्या नादात शेवटची गाडी चुकली होती!

आता तुझा प्रश्न. पांढऱ्याने ई४ केलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की काळ्याने कुठला बचाव घ्यायचा, फ्रेंच की कॅरो-कान? सिसिलियन बचाव नको म्हणालास ते योग्यच. नोकरी सांभाळून त्यातल्या वाटा पाठ करणं मलाही जमलं नाही.

दोन्ही बचावांत दुसऱ्या खेळीला डी५ करून मधल्या प्याद्याला भिडायचं असतं. फ्रेंचमध्ये त्या डी५ ला ई६ चा आधार, कॅरो-कानमध्ये सी६ चा. पण एवढ्यावरून सी८ वरच्या, म्हणजे काळ्याच्या वजिराशेजारच्या उंटाचं नशीब ठरतं. कॅरो-कानमध्ये तो एफ५ ला मोकळा बाहेर पडतो आणि मग मागून ई६ करून दार लावता येतं. फ्रेंचमध्ये दार आधीच लागतं आणि उंट आत राहतो. त्याला बी६ करून ए६ ला काढायचा, नाहीतर डी७, ई८ करत एच५ पर्यंत न्यायचा. कधी कधी पंचवीस खेळ्या झाल्या तरी तो घरातच असतो. कॅरो-कानमध्येही किंमत मोजावी लागतेच. पुढे सी५ करावंसं वाटलं की तेच प्यादं दुसऱ्यांदा हलवावं लागतं, म्हणजे एक खेळी गेली.

हाच प्रश्न १९६० साली तेव्हाचा जगज्जेता बोटविनिक याच्यासमोर होता. मॉस्कोत जगज्जेतेपदाचा पहिला डाव, समोर तेवीस वर्षांचा आव्हानवीर ताल. बोटविनिकने आयुष्यभर खेळलेला फ्रेंच खेळला. तालने वजीर थेट जी४ ला आणला, जी७ आणि एच७ ची प्यादी खाल्ली आणि स्वतःचा राजा किल्लेकोट न करता डी१ ला सरकवला. बत्तिसाव्या खेळीला बोटविनिकने डाव सोडला. काळी मोहरी पुन्हा हाती आली तेव्हा, तिसऱ्या डावात, त्याने सी६ करून कॅरो-कान घेतला. १९६० ची ती सगळी लढत तो हरला. पण १९६१ च्या परतीच्या लढतीतही त्याने कॅरो-कान टाकला नाही आणि १३–८ असा जिंकून किताब परत घेतला. हे डाव मी या महिन्यात ओळीने मांडून पाहिले. मला वाटतं, तालला हवा तसा गोंधळ त्याला पटावर होऊ द्यायचा नव्हता.

मीही त्याच कारणाने पाच वर्षं कॅरो-कान खेळतोय. मला वजिरा-वजिरी झालेली, शांत शेवटाकडे झुकलेली स्थिती आवडते. २०१३ साली चेन्नईत दुसऱ्या डावात कार्लसनने आनंदविरुद्ध हाच बचाव घेतला, वजीर पटावरून गेले आणि पंचवीस खेळ्यांत बरोबरी झाली. पाहणारे हळहळले, मी मात्र तो डाव वहीत उतरवून घेतला.

पण तू माझ्यासारखा नाहीस. बरोबरीची स्थिती तुझ्या हाती आली की तू अर्ध्या तासात कंटाळतोस आणि नको ते प्यादं ढकलतोस. तुला समोर काहीतरी फोडायला लागतं. म्हणून तू फ्रेंच घे. पांढऱ्याने ई५ केलं की लगेच सी५, घोडा सी६, वजीर बी६, सगळा मारा डी४ वर. पुढे एफ६ करून त्याचं केंद्रच उखडायचं. कोंडलेल्या उंटाचं दुःख तू सोसशील, कारण बदल्यात लढाई मिळते. १९७४ मध्ये जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतीत कोर्चनॉय कार्पोवसमोर पुन्हा पुन्हा फ्रेंच घेऊन बसला आणि कार्पोवला त्यातला एकही डाव जिंकता आला नाही. ते डाव आधी बघ.

एक सापळा मात्र आजच पाठ कर. पांढऱ्याचा उंट डी३ ला असताना, सी-डी प्यादी मारामारी झाल्यावर, डी४ चं प्यादं फुकट दिसतं. घोड्याने ते खाऊ नकोस. घोड्याला घोडा जातो, तुझा वजीर डी४ ला येतो आणि बी५ वरून उंटाचा शह बसतो. वजीर गेला! आधी तुझा उंट डी७ ला आण, मग ते प्यादं बघ.

आणि तरीही कॅरो-कानच घ्यायचा ठरवलंस तर तो आपोआप सुरक्षित आहे असं समजू नकोस. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या शेवटच्या डावात कास्पारोवने सातव्या खेळीला एच६ केलं. संगणकाने ई६ वर घोडा दिला आणि एकोणिसाव्या खेळीला सगळं संपलं. तिथे आधी उंट डी६ हवा होता. एका खेळीचा क्रम चुकला, तोही जगज्जेत्याचा.

पुढच्या रविवारी फोनवर खेळू. पांढरी मोहरी माझी, मी ई४ केलं असं समज. तुझी पहिली खेळी पत्रातच कळव. आणि बुचाऐवजी घोडा पाठवतो आहे, माझ्या जुन्या संचातला. रंग थोडा उडालाय, पण घोडाच आहे.

तुझाच,
जुना जोडीदार