टिळकवाडी की शिनोळी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत पक्की झाली, आता प्रश्न घराचा. तिथंच टिळकवाडीतला फ्लॅट घ्यायचा, की वेंगुर्ला रस्त्यानं बाचीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत प्लॉट घेऊन बांधायचं, यावरून तुमच्या घरात रोज वाद चाललाय. आशिष म्हणतो राहायचं तर महाराष्ट्रात. तुझ्या सासूबाईंना कन्नड लाल-पिवळ्या झेंड्याच्या गावात नातवाला वाढवणं जिवावर आलंय. दोघांच्या बोलण्यामागचं दुखणं खरं आहे. तरी माझं मत टिळकवाडीचं आहे आणि ते का, हे सविस्तर लिहितो. पत्र आशिषलाही वाचायला दे.

आधी सीमाप्रश्नाच्या खटल्याबद्दल, कारण 'निकाल लागू दे, मग बघू' हा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, आणि शिनोळी त्याच चंदगडात येते. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मान्य केला नाही आणि २००४ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मागणी ८६५ गावांची आहे. ती मला न्याय्य वाटते आणि ती कुणी सोडू नये. पण घराचा करार त्या दाव्याला टांगून ठेवायचं कारण नाही. हद्द सरकली म्हणून कुणाच्या घराची मालकी जात नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात कलम ११९ त्यासाठीच होतं: प्रदेश दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथले चालू कायदे, नवं विधिमंडळ बदलेपर्यंत, तसेच लागू राहिले. खरेदीखतं रद्द झाली नाहीत, फक्त दप्तरं हलली.

आता कागद. इथं घाई करू नका. फ्लॅटचा ई-खाता, म्हणजे पालिकेच्या मिळकत नोंदीचा संगणकीय उतारा मागा. कर्नाटकात शहरी मिळकतीची नोंदणी आता ई-खात्याशिवाय होत नाही. मग ईसी, म्हणजे बोजा दाखला. त्यावर व्यवहार असतील तर तो फॉर्म १५ मध्ये येतो आणि काहीच नसेल तर फॉर्म १६ मध्ये. 'कोरा' दाखला म्हणून फॉर्म १६ कुणी हातात दिला तर लगेच खूश होऊ नका. ज्या मिळकतीची मधे विक्री झालीय तिचा दाखला कोरा असूच शकत नाही. तसा आला तर सीटीएस (नगर भूमापन) नंबर किंवा चतुःसीमा चुकीची टाकून काढलेला असणार. तीस वर्षांचा मागा. ऑनलाइन साधारण २००४ पासूनचं मिळतं, त्याआधीचं उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून काढावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. तुमची नावं मराठीतून कन्नडमध्ये लिहिली जातात, कन्नडमधून संगणकावर इंग्रजीत येतात, आणि शेवटी आधारवरचं स्पेलिंग एक, ई-खात्यावरचं दुसरं. त्यात कर्नाटकात वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आद्याक्षरानं लावायची पद्धत, आपण पूर्ण लावतो. म्हणून खताचा मसुदा नोंदणीच्या आदल्या आठवड्यात मागून घ्या आणि कन्नड वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक नावावर बोट ठेवून वाचून घ्या. नंतरच्या दुरुस्तीला चूकदुरुस्ती पत्र लागतं आणि त्यासाठी विकणाऱ्यालाही पुन्हा सहीला बोलवावं लागतं. तो तेव्हा कुठं असेल कुणास ठाऊक. पत्त्यात सगळीकडे सरकारी नाव 'बेळगावी' टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच नाव कागदावर आहे. घरात आणि गावात बेळगाव म्हणायला कुणाची आडकाठी नाही, पण बँकेच्या आणि नोंदणीच्या कागदांत दोन नावं मिसळू नका.

खर्चाच्या बाबतीत शिनोळी स्वस्त, हे आशिषचं म्हणणं बरोबर आहे. महाराष्ट्रात नोंदणी फी १ टक्का आणि तीही ३०,००० रुपयांच्या वर जात नाही, शिवाय घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट. कर्नाटकात ४५ लाखांवरच्या मिळकतीला ५ टक्के मुद्रांक, त्यावर उपकर-अधिभार, आणि ऑगस्ट २०२५ अखेरीपासून नोंदणी फी २ टक्के झाली. सगळं मिळून शहरात ७.६ टक्क्यांच्या आसपास जातं. पण शिनोळीच्या प्लॉटवर एनए, म्हणजे बिगरशेती आदेश आहे का ते पाहिलंत का? शेतजमिनीचा तुकडा असेल तर बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही आणि गुंठ्यांत पाडलेला तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून 'नंतर नावावर करू' म्हणणारे हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. फ्लॅट सोडून बेळगावच्या भोवतालच्या ग्रामपंचायतीतलं घर बघणार असाल तर फॉर्म ९ आणि ११ए हे पंचायतीचे मिळकत उतारे मागा. नुसता ११बी दाखवला तर ती मिळकत नियमित नाही असं समजा.

शाळेचा मुद्दा मला घराइतकाच मोठा वाटतो. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं पहिलीपासून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं मराठीचं तसंच आहे. म्हणजे मूल चौथी-पाचवीपर्यंत एका राज्यात शिकवून मग हद्द ओलांडली, तर एक भाषा शून्यापासून सुरू करावी लागते, आणि तीही वर्गातली बाकीची मुलं निबंध लिहीत असताना. एकदा ठरवाल ते दहावीपर्यंतचं ठरवा. माध्यम मात्र पालकांनी निवडायचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये कर्नाटकच्याच प्रकरणात सांगितलं, की प्राथमिक शाळेत अमुकच माध्यम हवं अशी सक्ती सरकारला करता येत नाही.

चिनूला मराठी शाळेत घाला, कन्नड दुसरी भाषा म्हणून नीट शिकवा. हे मी नुसत्या भावनेनं लिहीत नाही. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यानं करावी असं कलम ३५०अ सांगतं, आणि त्याचं मोजमाप १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेपासून चालत आलंय: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची हवीत. पट त्याखाली गेला की शिक्षक मागायला हातात काही उरत नाही. बेळगावच्या मराठीला झेंड्यानं होणार नाही इतकं नुकसान रिकाम्या बाकांनी होतं. मराठी माणसं एकेक करून हद्दीपलीकडे राहायला गेली आणि उरलेल्यांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली, तर न्यायालयात लढायचं कुणासाठी? तुझ्या सासूबाईंना मनापासून सांग, की वारसा जपायचा असेल तर नातू टिळकवाडीत मराठी शाळेच्या हजेरीपटावर असायला हवा.

कन्नड शिकताना तुम्हा दोघांनाही सोपं जाईल. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. फरक एकच लक्षात ठेवायचा: त्यांच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ आहेत, आणि मराठी माणूस तिथंच अडखळतो. आधी दुकानांच्या पाट्या वाचायला लागा, मग बसच्या. सहा महिन्यांत वीजबिल आणि पालिकेची नोटीस वाचता आली पाहिजे. चिनूच्या पुढच्या शिक्षणाची काळजी आशिषला आहे, तर त्याला सांग: सीमाभागात दहावी-बारावी केलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी वर्गवारी आहे. फक्त शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिलेलं हवं. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी तो रकाना स्वतः तपासा, बारावीनंतर तो बदलून मिळवणं फार जिकिरीचं होतं.

झेंड्याबद्दल आता मोकळेपणानं लिहितो. लाल-पिवळा झेंडा मा. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात कन्नड चळवळीसाठी तयार केला. तो राज्याचा अधिकृत ध्वज नाही. २०१८ मध्ये मंत्रिमंडळानं पिवळा-पांढरा-लाल असा वेगळा ध्वज मंजूर केला, पण त्याला केंद्राची मान्यता मिळाली नाही. शेजाऱ्यानं स्वतःच्या दारावर तो लावला तर त्याचं मन त्याच्यापाशी, आपण नमस्कार करून पुढं जावं. डिसेंबर २०२० मध्ये तो महापालिकेसमोर उभारला तेव्हा मात्र प्रश्न वेगळा झाला. पालिकेला घरपट्टी मराठी माणूसही भरतो, आणि सगळ्यांच्या इमारतीपुढं एकाच गटाचं चिन्ह उभं करणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच न्याय आपल्यालाही लागू करायचा. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथं कन्नड बोलणारी गावंच्या गावं महाराष्ट्रात आहेत. तिथल्या शाळेवरची कन्नड पाटी खटकणाऱ्यानं बेळगावच्या मराठी पाटीसाठी गळा काढू नये. पाट्यांचे कायदे दोन्हीकडे कडक होत गेलेत, कर्नाटकात २०२४ पासून फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला. त्या ६० टक्क्यांवर संताप करण्यापेक्षा उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी ठळक रंगवून घेणारा दुकानदार मला जास्त शहाणा वाटतो.

पुतळ्यांचं सगळ्यात अवघड. बेळगावजवळच्या पिरनवाडीचं उदाहरण आशिषला नीट सांग. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या चौकात रातोरात संगोळ्ळी रायण्णाचा पुतळा बसवला गेला, चौक शिवाजी महाराजांच्या नावाचा. दगडफेक, लाठीमार सगळं झालं. शेवटी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तोडगा निघाला, की पुतळा राहील आणि चौकाचं नाव छत्रपती शिवाजी महाराजच असेल. मला तो तोडगा आवडला, कारण कुणाचंही काही काढून घ्यावं लागलं नाही. रायण्णा कित्तूरच्या राणीसाठी इंग्रजांशी लढला आणि १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेला. नंदगड खानापूर तालुक्यातलं. त्याला परका मानायचं कारणच काय? आणि बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं उद्घाटन मार्च २०२३ मध्ये चार दिवसांत दोनदा झालं, दोन्ही वेळा कर्नाटकातल्याच राजकीय पक्षांनी चढाओढीनं केलं. माणसं चिन्हं दोन्ही हातांनी धरतात, भांडण बहुतेक वेळा ती कुणाला विचारून उभारली यावरून होतं.

वारसा पत्त्यावरून ठरत असता तर द. रा. बेंद्रे कुणाचे म्हणायचे? मातृभाषा मराठी, वास्तव्य धारवाडला, नोकरी सोलापुरात, आणि ज्ञानपीठ कन्नड कवितेसाठी. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड, आयुष्य देवासला काढलं, आणि मराठी माणसानं त्यांना कधी दुसऱ्याचं मानलं नाही.

थोडं रोजच्या सावधगिरीचं. वर्षातले काही दिवस तापलेले असतात: १ नोव्हेंबर, कारण त्या दिवशी तिकडे राज्योत्सव आणि आपल्याकडे काळा दिन. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन. १ जून, कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस. आणि डिसेंबरच्या आसपास बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा. त्या दिवसांत कोल्हापूरची एसटी धरून प्रवास ठरवू नका, हद्दीवर बस थांबवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस बंद होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले. म्हणून, आणि कायदा म्हणूनही, गाडीचा नंबर बदलून घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नव्यानं नोंदणी सक्तीची आहे. आधी जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला फॉर्म २८ वर, मग बेळगावला फॉर्म २७ भरून केए-२२ नंबर. तिथला रोड टॅक्स भरल्याची पावती जपून ठेवा, ती दाखवून महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. बरेच जण तो सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

मतदार यादीचं काम फॉर्म ८ नं होतं, घर बदलल्यावर लगेच करा. सरकारी कचेरीत निवेदन मराठीत द्यायचा हक्क कलम ३५० नं दिलेला आहे. तो वापरा, सोबत कन्नड प्रत जोडा आणि मराठी अर्जावरच शिक्क्याची पोच घ्या.

या आठवड्यात ईसीची आणि ई-खात्याची प्रत मला पाठव. शिनोळीच्या प्लॉटचा सातबारा आणि एनए आदेशही पाठव, आशिषला उगाच डावलल्यासारखं वाटू नये. दोन्ही कागद समोर ठेवून रविवारी फोनवर तिघं मिळून बोलू. विसार देऊ नका तोवर.

चिनूला गोड पापा. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझे बाबा