रेकॉर्ड रूमच्या मामांना जाहीर पत्र

मामा,
सा. न. वि. वि.

प्रबंध छापून आला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, अधिष्ठाता, नीतिशास्त्र समिती, आकडेवारी तपासणारे सर असे सगळे मानाप्रमाणे ओळीनं बसले आणि तुम्ही शेवटी 'रेकॉर्ड विभागातील कर्मचारी' एवढ्यात मावलात. तसा नमुनाच ठरलेला असतो म्हणे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालायचं नाही, रुग्णालयाचंही घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. तेवढं पाळते. कौतुक करायचं नाही हे मात्र पाळणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. एकाच वेळी खूप जखमी येऊन थडकतात तेव्हा कॅज्युअल्टीत काय होतं, हा माझा विषय. त्याला बॉम्बस्फोट किंवा भूकंपच लागतो असं नाही. आलेले जखमी आणि हाताशी असलेली माणसं-साधनं यांचा मेळ तुटला की ती सामूहिक दुर्घटना, मग जखमी कितीही असोत. मोठ्या शहरातल्या ट्रॉमा सेंटरला वीस जखमी म्हणजे धावपळीची रात्र. गगनबावड्याकडं एखाद्या दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक सिस्टर असताना सहा आले तरी सगळं कोलमडतं. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असे प्रसंग बातमीतून दोन दिवसांत विरून जातात: हंगामात उलटलेली ऊसतोड मजुरांची ट्रॉली, वऱ्हाडाचा टेम्पो, घाटातलं वडाप म्हणजे शेअर जीप, पुणे-बेंगळुरू हायवेवर पहाटे धडकलेली ट्रॅव्हल्स. त्यांचा अभ्यास करायचा तर आधार एकच, एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या मेडिको-लीगल केसेसची कॅज्युअल्टीतली वही. आणि ती रजिस्टरं तुमच्या ताब्यात, रुमालात बांधून, वर्षावार.

मी लॅपटॉप उघडून वेळांचे रकाने भरायला बसले, तेव्हा तुम्ही चहाचा कप बाजूला ठेवून म्हणालात, "मॅडम, ही वेळ धरू नका. ही लिवल्याची वेळ हाय, पेशंट आल्याची न्हवं."

मग ते पान तुम्ही खिडकीच्या उजेडात धरलंत. ओळीनं सगळ्या नोंदींना एकच वेळ, तीही गोल, रात्रीचे आठ. एकच पेन, एकच तिरपं अक्षर, कुठं खाडाखोड नाही. एरवीच्या दिवशी त्याच रजिस्टरात दर दोन नोंदींनी शाई बदलते, अक्षर बदलतं, कोपऱ्यावर रक्ताचा नाहीतर बीटाडीनचा डाग असतो. "गर्दीत कोण लिवतंय? हात पेशंटवर असत्यात. समदं निवळल्यावर सीएमओ बसतो, ब्रदर सांगतो, तो लिवतो." सीएमओ म्हणजे कॅज्युअल्टीचे ड्युटी डॉक्टर, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. एवढं बोलून तुम्ही पुन्हा चहा घेतलात. गर्दी झाली की पहिली बंद पडते ती नोंद, हे मी इंग्रजी निबंधांतून कितीदा वाचलं होतं. पानावर ते कसं दिसतं हे कुणीच दाखवलं नव्हतं.

ही वेळेची कटकट कशासाठी, असं कुणी विचारेल. जखमीचं रक्त थांबवायला मदत करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं स्वस्त औषध आहे. 'क्रॅश-२' या चाचणीत ४० देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवर ते तपासलं गेलं आणि २०१० साली निष्कर्ष छापून आले: औषधामुळं मृत्यू कमी झाले. पुढच्याच वर्षी त्याच माहितीची नीट फोड केली तेव्हा दिसलं की फायदा इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर. त्यानंतर दिलेल्यांत रक्तस्रावानं मरणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं होतं. म्हणजे घड्याळच औषधाचा गुण ठरवतं. आणि आमच्या रजिस्टरात घड्याळ आठलाच अडकलेलं.

तुम्ही त्यावर वाट काढलीत. "रक्तपेढीवाला वेळ लिवल्याबिगर पिशवी सोडत न्हाई," म्हणालात आणि रक्तपेढीच्या नोंदी बघायला कुणाला भेटायचं ते सांगितलंत. एक्स-रेच्या फिल्मवर मशीन आपोआप वेळ छापतं, ती दुसरी खूण. पोलीस चौकीला वर्दी गेल्याची वेळ तिसरी. ॲम्ब्युलन्सचा कागद जोडलेला असला तर चौथी. या चारांच्या मध्ये रुग्ण नेमका कधी आला ते सापडतं, अगदी मिनिटावर नाही, पण तीन तासांच्या अलीकडं की पलीकडं एवढं नक्की. प्रबंधात या पद्धतीला भारदस्त नाव आहे आणि परीक्षकांनी तिचं कौतुकही केलं. ती पद्धत तुमची आहे, मामा.

सगळ्यात अवघड होतं अनोळखी रुग्णांचं. बेशुद्ध माणूस येतो, नाव माहीत नाही. एमएलसीत तो 'अनोळखी पुरुष, अंदाजे ३०'. एक्स-रेला जाताना 'अनोळखी २'. ऑपरेशन थिएटरच्या वहीत नुसता बेड नंबर. दुसऱ्या दिवशी भाऊ शोधत येतो आणि वॉर्डच्या वहीत एकदम नाव-गाव उगवतं. कागदावर चार माणसं, खरा एक. हे जुळवलं नाही तर त्यातली तीन माणसं बेपत्ताच. तुम्ही उजवी मांडी, डाव्या दंडावरचं गोंदण, चेक्सचा शर्ट असल्या बारीक नोंदींवरून धागे जोडलेत. गोंदण लिहून ठेवणाऱ्या त्या जुन्या सिस्टरचंही तुम्ही भरभरून कौतुक केलंत, ते इथं लिहायलाच हवं. आणि हे सगळं करताना मला एकही नाव वहीत उतरू दिलं नाहीत. "नंबर लिवा. मानसाचं नाव हितनं भाईर जायाचं न्हाई." नीतिशास्त्र समितीचा फॉर्म बराच लांबलचक होता, मुद्दा तोच.

'आणणाऱ्याचे नाव' या रकान्याकडं मी लक्षच देणार नव्हते, तो तुम्ही वाचायला लावलात. टेम्पोवाला, नाव सांगितलं नाही. रिक्षावाला, निघून गेला. दूधवाला. १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली, त्याआधीच्या पानांवर तर असेच लोक, पण नंतरही मोठ्या अपघातात पहिली खेप बऱ्याचदा त्यांचीच दिसते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळली, १३ जीव गेले, तेव्हाही आधी धावले ते आसपासचे लोक. नाव न सांगता निघून जायची ती भीती आता ठेवायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला पोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे पत्र वाचणारे वडापवाले, रिक्षावाले असतील तर त्यांनी हे लक्षात ठेवावं.

ही पहिली खेप महत्त्वाची, कारण कुणाला आधी पोचवायचं अशी निवड होऊन ती आलेली नसते. ज्याला चालता येतं तो आधी पोचतो. खाटा त्यानं भरतात. घटनास्थळी निवड करायला १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला 'स्टार्ट' नावाची पद्धत बसवली गेली: चालू शकणारे हिरवे, म्हणजे थांबू शकणारे; श्वास मिनिटाला तीसहून जास्त असलेले, मनगटाची नाडी न लागणारे किंवा साधी सूचना न पाळणारे लाल, म्हणजे सगळ्यात आधी; उरलेले पिवळे, वायुमार्ग मोकळा करूनही श्वास न येणारे काळे. हे सगळं एकेका माणसामागं मिनिटभरात. किरकोळ जखमींना गंभीर धरलं तर काय होतं, हेही तपासलेलं आहे. फ्रिकबर्ग या अमेरिकन सर्जननं २००२ साली बॉम्बस्फोटांच्या घटना शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा जिथं असं जास्त झालं तिथं खऱ्या गंभीर रुग्णांतले मृत्यूही जास्त दिसले. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतंत: "वरडणारा आदी, गप पडल्याला मागनं." मी ते प्रबंधात घालायला निघाले होते, सरांनी काढायला लावलं. इथं घातलं.

१९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन नावाच्या जुन्या मठात डॉक्टर जमले आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णांची नोंद जगभर एकाच पद्धतीनं कशी ठेवायची हे ठरवायला बसले. पुढं तसेच नमुने आपत्तींसाठीही झाले. मी तो इंग्रजी नमुना तुम्हाला दाखवला, तर तुम्ही कपाटातून एक लांब वही काढलीत. पट्टीनं आखलेले रकाने: आला कधी, कशातनं आला, कुणी आणला, पहिला कुठं नेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, त्या दिवसांत तुम्ही स्वतःच्या मनानं ती आखली होती. कुणी सांगितलं नव्हतं आणि पुढं कुणी विचारलंही नाही. खालच्या फळीवरचे रुमाल वरच्या मजल्यावर नेऊन ठेवणारेही तुम्हीच, नाहीतर माझा प्रबंध पुरातच गेला असता.

ऋण वगैरे लिहिलं तर तुम्ही चिडाल. म्हणून कामाचं सांगते. तुमच्या वहीचे रकाने आणि परदेशी नमुना एकत्र करून एक पानी तक्ता केलाय. मराठीत आहे, दोरीनं गळ्यात अडकवता येतो, आणि आल्याची वेळ सगळ्यात वर ठळक. इंटर्न मुलांना तो शिकवायचा आहे. मी दोनदा सांगून बघितलं, मुलं मान डोलावतात आणि वेळ रिकामी सोडतात. पुढच्या महिन्यातल्या सत्राला तुम्हाला बोलवायचं ठरलंय, विभागप्रमुखांची सही झाली आहे. कसबा बावड्याला गाडी पाठवते. येताना तो खिडकीच्या उजेडात धरून बघायचा प्रकार त्यांना दाखवायचा आहे, तेव्हा चष्मा विसरू नका. पान मी निवडून ठेवलंय, नावं झाकून.

आपली,
लॅपटॉपवाली मॅडम