लाल खुणेच्या नळाला गार पाणी

दुबई, 5 सप्टेंबर, शुक्रवार रात्र

ती. आण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे तीनच प्रश्न असतात. जेवलास का, ऊन किती, पैसे पुरतात का. माझीही तीनच उत्तरं. व्हॉट्सॲपवरून इथे कॉल लागत नाही, दुसऱ्या ॲपवरून बोलावं लागतं, आणि त्यात आईचा निम्मा वेळ "ऐकू येतंय का रे?" यातच जातो. म्हणून लिहायला बसलो. कंपनीतला विट्याचा एक जण सोमवारी सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती देतो.

आई, इथलं ऊन आपल्याकडच्यासारखं नाही. आपलं ऊन कोरडं, लिंबाखाली गेलं की सुटलो. इथे शेजारीच समुद्र. पहाटे एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, मग दोन मिनिटं आंधळ्यासारखं नुसतं उभं राहायचं. 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे, तेवढा वेळ आम्ही शेडमध्ये आडवे. माझं काम यंत्रामागे उभं राहून लेव्हल घ्यायचं. सळ्या बांधणारे माझ्यासमोरच असतात, त्यामुळे माझी तक्रार माझ्याच तोंडातून निघत नाही.

पहिल्या दिवशी अंघोळीला निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात भाजला. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते ना! खोलीतला पठाण (पाकिस्तानातल्या मर्दानचा, मनाने भला) हसून म्हणाला, "लालवाला खोलो." उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा. बंद गीझरमधलं पाणी खोलीच्या गारव्यात निवत राहतं, म्हणून गार पाणी लाल नळाला.

आणि आण्णा, हे पाणी समुद्राचं. नदी नाही, धरण नाही, पाऊस वर्षाला जेमतेम तीन-चार इंच. जेबेल अलीला खारं पाणी गोडं करायचे प्रचंड प्रकल्प आहेत, तिथून शहराला पुरवतात. नळ चोवीस तास. माणदेशात टँकर आला की घागर घेऊन पळणारी आई आठवली आणि मी नळ पटकन बंद केला. अजूनही दाढी करताना मगमध्येच पाणी घेतो. पठाण त्यालाही हसतो.

आमची खोली कुसैसला, चौघांत एक. जवळच कामगारांची मोठी वस्ती आहे, तिला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईतल्या मामाला हे सांगू नका, सोनापूर म्हटलं की त्याला मसणवटाच आठवेल.

इथे माणूस भेटला की नाव नंतर विचारतात. आधी, "कितने साल हो गये?" टॅक्सीवाला, न्हावी, भाजीवाला, सगळे हेच. मी "दस हफ्ते" म्हटलं की समोरचा जरा ताठ होतो आणि उपदेश सुरू करतो. कुणी अठरा वर्षं सांगतो, कुणी एकतीस, आणि पाठोपाठ "बस, अगले साल वापस." हे अगले साल कधी येतं देव जाणे. शंभरातली नव्वदच्या आसपास माणसं बाहेरची. नोकरी आहे तोवर व्हिसा, त्यामुळे एकतीस वर्षंवाल्याचीही बॅग मनात भरलेलीच असते. 1975 साली हे गाव पावणेदोन-दोन लाखांचं होतं, आता पस्तीस लाखांच्या वर गेलंय. माझ्या साइटवरून रोज नवी क्रेन दिसते.

खोलीखाली मलबारी म्हणजे केरळच्या माणसाची चहाची टपरी आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या मल्याळममध्ये "ओरु चाया", एक चहा, म्हणालो, तर तो उडालाच. "नाट्टिल एविडेया?" म्हणजे गावाकडे कुठला? मी सांगितलं, मी मराठी, पण वडील बावीस वर्षं त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, दुकानात होते. तेव्हापासून माझ्या चहात वेलदोडा जास्त पडतो. आण्णा, तुम्ही सुट्टीत आल्यावर गंमत म्हणून शिकवलेले ते पंधरा-वीस शब्द मला इथे हिंदीपेक्षा उपयोगी पडतात.

मागच्या शुक्रवारी अर्धी सुट्टी होती, तर खाडीवर गेलो. लाकडी अब्रा म्हणजे इथली होडी, भाडं एक दिरहम, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं. पलीकडे देराचा सोनेबाजार. तुमचा मुलगा म्हणून तिथे दागिने कमी आणि कारागिरांची मागची दारं जास्त बघितली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने काचेखाली ठेवलेली जुनी नोट दाखवली. 1966 पर्यंत इथे आपलाच रुपया चालायचा! मुंबईत चोरून सोनं जायचं आणि बदल्यात रुपये इकडे येऊन साचायचे, म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाची नोट काढली. 66 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि यांनी तो सोडला. आता एका दिरहमला तेवीस-चोवीस रुपये.

साइटच्या कडेला एक काटेरी झाड आहे, त्याला कुंपण घालून ठेवलंय. घाफ म्हणतात, 2008 पासून इथला राष्ट्रीय वृक्ष. बारीक पानं, खरबरीत खोड, ओळखीचं वाटलं म्हणून जवळ गेलो. शमी! शिवेवरचीच, जात तीच. तिला पाणी कोण घालतं विचारलं तर फोरमन म्हणाला, कुणी नाही, मुळं खोल असतात. पुढच्या महिन्यात दसऱ्याला पूजेची सोय झाली.

आण्णा, त्रिशूरहून तुमचं कार्ड यायचं. "मी खुशाल आहे. मनिऑर्डर पोचल्याचे कळवणे." आई ते देव्हाऱ्यात ठेवायची. तेव्हा मला राग यायचा, की एवढंच? इथे आल्यावर मीही फोनवर तेवढंच बोलतोय. तर पुढच्या फोनला माझं जेवण राहू द्या. त्रिशूरला पहिल्या वर्षी तुम्ही झोपायचा कुठे, तेजाबाच्या धुराने खोकला कधी लागला, आणि पहिल्यांदा "ओरु चाया" म्हणालात तेव्हा हसलं कोण, ते सांगा.

तुमचा,
बापू

ता. क. आई, त्याच माणसाबरोबर येताना कांदा-लसूण मसाला पाठव. पण खसखस अजिबात घालू नकोस. इथे खसखशीला बंदी आहे आणि विमानतळावर तो बिचारा अडकेल.