केबिनमधला टीव्ही बंद पडला तर

ती. आई-बाबा,
सा. न.

तुमचा मेल मिळाला. क्रूझ पक्की झाल्याचं दोन ओळींत, आणि केबिनमधल्या टीव्हीवर काय काय दिसेल याची चौकशी पंधरा ओळींत! आई, तू कपाळाला हात लावून बसली असशील. पण बाबांनी विचारलंय ते योग्य माणसाला विचारलंय. जहाजावर ईटीओ, म्हणजे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांची अधिकारी म्हणून माझ्याकडे मोटारी, अलार्म, रडार सगळं येतं, पण शिव्या मिळतात त्या टीव्ही गेल्यावरच.

तर बाबा, बातम्या आणि खेळ बहुतेक दिसतील, तुमच्या मालिका नाहीत. चॅनलवाले कार्यक्रमांचे हक्क देशवार घेतात आणि भर समुद्र कुठल्याच देशात मोडत नाही. घरचा सेट-टॉप बॉक्स कार्डासकट उचलून नेलात तरी उपयोग नाही. जहाजांसाठी वेगळे करार असतात. स्पोर्ट 24 हे चॅनल तर 2012 पासून विमानं आणि जहाजं यांच्यासाठीच चालतं. तुमची मॅच दिसलीच तर तिथे दिसेल.

आता सिग्नलचं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर, पृथ्वीच्याच वेगाने फिरतात. म्हणून गच्चीवरची डिश एकदा रोखून स्क्रू आवळले की झालं. जहाजावर स्क्रू आवळून काय करणार, जहाजच डुलतंय! त्यासाठी पांढरा गोल डोम असतो आणि आतली डिश जायरो (डुलणं ओळखणारं यंत्र) आणि मोटारींवर सतत स्वतःला सावरत असते. पहिल्यांदा मी खालच्या झडपेतून डोकं आत घातलं तेव्हा वाटलं, डिश पिसाटल्यासारखी हलतेय. मिनिटभराने लक्षात आलं की ती एकटीच आकाशात एका जागी नजर लावून आहे, डोलतोय तो डोम, जहाज आणि मी. मला जहाज लागायचं तेव्हा बंद झालं होतं, पण त्या दिवशी तिथे पुन्हा मळमळलं.

एवढं करूनही मध्ये काही आलं की संपलं. मागच्या महिन्यात मेसमध्ये फायनल चालू होती, शेवटची काही मिनिटं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, समोरच्या जहाजाला वाट द्यायला कोर्स थोडा बदलला आणि आमचं धुराडं नेमकं डिश आणि उपग्रहाच्या आड आलं. चित्राचे चौकोन झाले, मग काळा पडदा. बाराजण माझ्याकडे वळून बघत होते, जणू धुराडं मीच उभारलंय. चित्र परत आलं तेव्हा खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते.

दुसरी अडचण बीमची, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या सिग्नलच्या झोताची. चॅनलवाले सिग्नल माणसं राहतात तिथे, म्हणजे जमिनीवर ओततात. भूमध्य समुद्रात 13 अंश आणि 19.2 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहांवर शेकडो चॅनल मिळतात. जिब्राल्टर ओलांडून पश्चिमेला निघालं की एकेक गळायला लागतं. सी-बँडचे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींचे बीम महासागरावरही पसरतात आणि पावसाला फारसे दबत नाहीत, पण त्यांना दोन-अडीच मीटरची डिश लागते. ती मोठ्या क्रूझवर परवडते, आमच्यासारख्या मालवाहू जहाजावर नाही.

आता तुमच्या मार्गाचं. नॉर्वेचे फिओर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या अरुंद खाड्या, आणि मग उत्तरेकडची स्वालबार्ड बेटं, म्हणजे 78 अंश उत्तर! तिथून हे टीव्हीचे उपग्रह ऐन दक्षिणेला असले तरी क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर असतात. 81 अंशांच्या पुढे तर क्षितिजाखालीच. फिओर्डमध्ये दक्षिणेचा एखादा डोंगरही त्यांना सहज झाकतो. त्यामुळे तिथे पडदा काळा झाला तर रिसेप्शनला फोन करून त्या पोरांना छळू नका, त्यांच्या हातात काही नसतं. हल्ली काही जहाजांवर साधारण 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचं इंटरनेट असतं, त्यातले काही ध्रुवांवरूनही जातात. टीव्ही त्यावरून येत असेल तर तिकडेही चालेल. बुकिंगवाल्यांना आधी विचारून ठेवा.

आणि आई, एक काम तुझ्याकडे. वरच्या डेकवरून पांढरे घुमट दिसतील. जवळ जाऊ नका, त्यातल्या काही डिश सिग्नल नुसते घेत नाहीत, पाठवतातही. लांबूनच एक फोटो काढ आणि फोटोत बाबांना उभं कर, म्हणजे मला घुमटाच्या मापाचा अंदाज येईल.

तुमची,
धाकटी