चुन्याच्या दगडाबद्दल, काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

परवा जाळं पाळीवर, म्हणजे बांधावर ओढलं तर त्यात पाऊण किलोचे कटले मासे होते. तुमचीच आठवण निघाली. याच बोडीतून, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या आमच्या लहान तळ्यातून, आधी तळहाताएवढी मासोळी निघायची. ढेप म्हणजे पेंड वाढवली नाही की पंप बसवला नाही, फक्त बीज, म्हणजे माशांची पिल्लं, कमी टाकलं. ते किती कमी टाकायचं, हे तुम्ही सांगितलं. चार गावांनी वाचावं म्हणून हे पत्र उघडंच लिहितो आहोत.

तुमच्या आधी सल्ला देणारे पुष्कळ येऊन गेले. बीज विकणारा म्हणाला, अर्धं तर मरतंच, तीन हजार सोडा. बीज बारीक, इंचभराचं, आणि ते वाटीनं मापून दिलं. एका वाटीत किती बसतं हे आमच्यासमोर मोजलं नाही. कागदावर हिशेब करून देणाऱ्या साहेबांनी सातबाऱ्यावरचे 10 आर पाहिले, हेक्टरी 5000 बोटुकलीचा, म्हणजे बोटभर वाढलेल्या पिल्लांचा, दर लावला आणि 500 लिहून दिले. दर बरोबर होता. पण साहेब पाळीवर आलेच नाहीत. बोडी 10 आर भरते ती भादव्यात. धानाला शेवटचं ओलीत दिलं की ती निम्मी होते, आणि वैशाखात उरतं ते 25 मीटर लांब, 16 मीटर रुंद पाणी. म्हणजे 400 चौरस मीटर, फक्त 4 आर. भादव्यात 10 ग्रॅमची असलेली बोटुकली तोवर पाऊण किलोला टेकलेली असते. पाणी आटतं आणि मासा वाढतो, दोन्ही एकाच वेळी.

तुम्ही आलात ते मे महिन्यात, भर उन्हात. बीजाचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. पाळीवर चहा ठेवला होता, तो तसाच सोडून तुम्ही उतारावरून खाली गेलात. पाणी जिथं टेकलं होतं तिथं एक दगड रोवला, चुनाळीतला चुना बोटावर घेऊन त्यावर आडवी रेघ ओढली आणि म्हणालात, "बीज याला विचारून टाका." एवढंच. ती रेघ श्रावणात पाण्याखाली गेली तेव्हा बोडी तुडुंब दिसत होती, हात शिवशिवत होते की अजून दोन पिशव्या सोडाव्यात. त्या रेघेनंच आवरलं.

पुढचा हिशेब तुम्ही काडीनं मातीत मांडला, तो जसाच्या तसा देतो. चौरस मीटरला अर्धा मासा, म्हणजे 400 चौरस मीटरला 200. बोट-दीड बोट लांबीच्या बोटुकल्या टाकल्या तर शंभरातल्या 80 धरायच्या, म्हणून 250 आणायच्या: 75 कटला, 100 रोहू, 75 मृगळ. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. एकाच जातीचे भरले तर एका थरात मारामारी आणि बाकीचं खाद्य वाया. ज्याला 350-400 टाकायच्याच असतील त्यानं माघ-फाल्गुनात निम्मा माल काढून विकायचा, वैशाखाची वाट पाहायची नाही. बोडी मासे मोजत नाही, वजन मोजते. 200 मासे सरासरी 700 ग्रॅमचे म्हणजे 140 किलो, आणि पंपाशिवाय त्या 4 आर पाण्याला याहून जास्त ओझं नको.

तीन हजारांचं काय होत होतं, तेही तुमच्यामुळेच कळलं. बारीक बीज आधी मरळ, म्हणजे दुसरे मासे खाणारी मासोळी, खाते. वाचलेल्यांची गर्दी होते, वाढ थांबते. वाढ दिसत नाही म्हणून आपण ढेप-कोंडा वाढवतो. न खाल्लेली ढेप तळाशी सडते, पाणी गर्द हिरवं होतं. ते हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच ओढतं. दोन दिवस आभाळ राहिलं की तिसऱ्या पहाटे मासे वर तोंड काढून आ-आ करतात, कटला सगळ्यात आधी. प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅम असला तर बरं, 3 च्या खाली घसरला की हाल. तेव्हा ढेप आणि शेण बंद, विहिरीचं पाणी उंचावरून फवाऱ्यानं सोडायचं, काही नाही तर बांबूनं पाणी झोडपायचं. आम्ही तेव्हा रोग समजून औषध शोधत फिरत होतो.

खाद्याचंही तसंच. अंदाजे वजनाच्या शेकडा 2, म्हणजे 100 किलो मासा असेल तर दिवसाला 2 किलो, अर्धी शेंगदाण्याची ढेप, अर्धा कोंडा, भोकं पाडलेल्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, बांबूला टांगून. संध्याकाळी चुंगडीत उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी. पाण्यात हात कोपरापर्यंत घालायचा. तळवा त्याआधीच दिसेनासा झाला तर शेणखत थांबवायचं, कोपर बुडूनही स्वच्छ दिसला तर थोडं टाकायचं. यंत्र नको, वही नको. तुमचा ओला हात आणि त्याला चिकटलेली हिरवी साय अजून डोळ्यापुढे आहे.

काकाजी, "कमी टाका" म्हणणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. बीजाची पिशवी खपत नाही, कागदावरचा आकडा फुगत नाही. तुम्ही पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत, आणि तो चहा शेवटी थंडच प्यायलात. अशी माणसं आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडं अजून आहेत, म्हणून बोड्यांत अजून मासोळी आहे.

या उन्हाळ्यात गाळ काढला. आता वैशाखातलं पाणी 30 बाय 18 मीटर राहिलं, म्हणजे 540 चौरस मीटर. दगड नव्या कडेला हलवला, चुनाही लावला. 270 मासे, म्हणजे बोटुकल्या साधारण 340, असा हिशेब केला आहे. बीज आणण्याआधी एकदा येऊन बघा. चुकलं असेल तर रेघ पुसून नवी ओढा.

आपले,
बोडीवरचे सगळे